उभ्या एसटीची तरंगलांबी

बारामतीत कुठल्याही रस्त्यानं शिरा, स्वागताला फ्लेक्स असतात. निम्मे वाढदिवसाचे, निम्मे निकालाचे. निकालाच्या फ्लेक्सांचा मी हौशी अभ्यासक आहे. त्यावर मुलाचा फोटो पासपोर्टएवढा, सरांचा फोटो पोस्टरएवढा आणि खाली पर्सेंटाइल, तेही दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत. तो सातवा आकडा नेमका काय सांगतो, हे ना मुलाला माहीत ना सरांना, पण छापलेला असतो. माणसाची लायकी इतक्या बारकाईनं मोजणारा तालुका दुसरा नसावा. मात्र एखाद्या पोराला एखादी गोष्ट समजली म्हणून चौकात फ्लेक्स लागलाय, असं मी अजून पाहिलेलं नाही. आणि ते बरोबरच आहे. समजल्याचा फोटो काढणार कसा?

माझ्या बहिणीचं घर इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याला. भाचीनं दहावीला चांगले मार्क पाडले आणि त्याची शिक्षा म्हणून तिला सायन्सला घातलं. ग्रुप कुठला घेतला असं विचारलं, तर दाजी म्हणाले, "पीसीएमबी. चारी ठिवलेत. पुढचं पुढं बघू." आमच्याकडे जमिनीचा वाटा आणि अकरावीचा ग्रुप, या दोन बाबतींत कुणी आपणहून हक्क सोडत नाही.

क्लास बारामतीला. रोज सकाळी इंदापूरहून येणारी एसटी पकडायची आणि लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी करत बारामती गाठायची. मुलींना पास मोफत, त्यामुळे गाडीत दप्तरांची गर्दी माणसांपेक्षा जास्त. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की याच रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या उतरतात. पुढे ट्रॉली, ट्रॅक्टरवर गाणं, मागे एसटी, एसटीत पोरं आणि पोरांच्या मांडीवर नोट्स. या भागातल्या मुलांचा निम्मा अभ्यास उसाच्या मागं मागं झालेला आहे.

आता गंमत अशी, की ज्या शास्त्रानं विसाव्या शतकाची झोप उडवली, ते आपल्या बोर्डाच्या पोरांना पहिल्यांदा भेटतं ते फिजिक्सच्या तासाला नव्हे. अकरावीच्या केमिस्ट्रीत 'स्ट्रक्चर ऑफ ॲटम' नावाचा चौथा धडा आहे, तिथे. बोर, डी ब्रॉग्ली, हायझेनबर्ग, श्रोडिंजर ही सगळी मंडळी त्या एकाच धड्यात उतरतात, आणि दोन आठवड्यांत त्यांना निरोपही दिला जातो. फिजिक्सवाले त्यांची दखल घेतात ती बारावीला, चौदाव्या-पंधराव्या धड्यात. म्हणजे सगळ्यांना प्रॅक्टिकलची जर्नलं पुरी करायची घाई लागलेली असते तेव्हा. केमिस्ट्रीचे सर म्हणतात, "हे डिटेलमध्ये तुम्हाला फिजिक्सला आहे." फिजिक्सचे सर वर्षभरानं म्हणतात, "हे तुमचं केमिस्ट्रीत झालेलं आहे." या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी क्वांटम मेकॅनिक्स आहे.

शिकवण्याची तऱ्हाही ठरलेली. "आइन्स्टाइननं फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचं हे स्पष्टीकरण १९०५ मध्ये मांडलं. त्याला यावर नोबेल मिळालं. तुम्हाला दोन मार्क मिळतील. लिहून घ्या." मग वन एस टू, टू एस टू, टू पी सिक्स ही पावकी-निमकी सुरू होते. पी ऑर्बिटल डंबेलसारखं दिसतं, हे पोरांना चटकन पटतं, कारण तालमी आणि जिम बारामतीत भरपूर. पण इलेक्ट्रॉन त्या डंबेलच्या दोन्ही गोळ्यांत सापडतो आणि मधल्या बारीक जागी कधीच सापडत नाही, मग तो इकडून तिकडे जातो कसा, असं विचारायची सोय नसते. कारण तोवर डी ऑर्बिटल आलेलं असतं, आणि ते काढायलाच दहा मिनिटं लागतात.

खरं तर ज्यांनी हे शास्त्र उभं केलं, त्यांच्यातल्या निम्म्यांना आपल्याकडे कुठल्या क्लासनं दारात उभं केलं नसतं. मॅक्स प्लांक म्युनिकला शिकायला गेला, तेव्हा फॉन जॉली नावाच्या प्राध्यापकांनी त्याला सांगितलं, की बाबा, फिजिक्समध्ये आता शोधण्यासारखं फारसं उरलेलं नाही. म्हणजे शुद्ध मराठीत, 'स्कोप नाही'. त्याच प्लांकनं १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये ऊर्जा पुड्यांत मिळते असं सांगितलं आणि पुढच्या शंभर वर्षांच्या स्कोपची व्यवस्था करून ठेवली. हायझेनबर्ग १९२३ साली डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत बॅटरी कशी चालते हे नीट सांगू शकला नाही. सूक्ष्मदर्शकाच्या प्रश्नावरही अडखळला. कसाबसा पास झाला. आणि डी ब्रॉग्ली? तो तर आधी इतिहास शिकला होता. म्हणजे आपल्या हिशेबानं आर्ट्सचा. आर्ट्सच्या पोरानं १९२४ साली प्रबंधात लिहिलं, की प्रकाशाची लाट जर कणासारखी वागत असेल, तर कणानंही लाटेसारखं वागायला काय हरकत आहे? परीक्षक गोंधळले, प्रबंधाची प्रत आइन्स्टाइनकडे गेली, त्यानं मान डोलावली आणि पाच वर्षांत नोबेल घरात. आमच्या गल्लीत आर्ट्सच्या पोराला अजून लग्नाच्या बाजारात सुद्धा अशी दाद मिळत नाही.

हा डी ब्रॉग्लीच सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

त्याचं सूत्र सोपं. प्लांकचा स्थिरांक घ्या, वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारानं भागा, तरंगलांबी मिळते. सरांनी वर्गात क्रिकेटच्या चेंडूचं गणित घातलं. उत्तर इतकं बारीक आलं, की सर म्हणाले, "म्हणून चेंडूची लाट दिसत नाही. नेक्स्ट." वर्गानं नेक्स्ट केलं. भाचीनं केलं नाही. परतीच्या एसटीत तिनं चेंडूच्या जागी एसटीच घातली. गाडीचं वजन किती, म्हणून कंडक्टरला विचारलं. ते तिकिटं फाडता फाडता म्हणाले, "का गं, उचलायचीय का?" मग तिनं आपलं दहा टन धरलं. वेग ताशी चोपन्न किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. तरंगलांबी आली ४.४ गुणिले १० चा उणे ३९ वा घात, इतके मीटर. दशांश चिन्हापुढे अडतीस शून्यं आणि मग चव्वेचाळीस. पोरगी खूश. एवढी शून्यं तिनं फक्त कारखान्याच्या ताळेबंदात पाहिली होती.

इतक्यात बेलवाडीच्या पुढे एक ट्रॉली कलंडली. रस्त्यावर ऊस, उसाभोवती पोरं, आणि गाडी उभी. भाचीनं वहीत वेगाच्या जागी शून्य लिहिलं आणि तिथेच अडकली. शून्यानं भागलं तर तरंगलांबी अनंत! म्हणजे गाडी चालली तर लाट नसल्यात जमा, आणि ट्रॉलीमागं थांबली तर तीच लाट बेलवाडीपासून विश्वाच्या टोकापर्यंत? मग थांबलेल्या गाडीतल्या आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

प्रश्न चांगला होता. इतका चांगला, की महिनाभर तो दोन तालुक्यांत हिंडला आणि जिथे गेला तिथे त्याला वेगळंच उत्तर मिळालं.

पहिला मान सरांचा. सर म्हणाले, "असं पेपरला येत नाही." हे वाक्य ऐकलं की वर्गातल्या पन्नास पेनांची टोपणं एकदम लागतात, असं ती सांगते. मी सरांना दोष देत नाही. पहाटे सहाची पहिली बॅच, मग दुसरी, दुपारी रिपीटर, संध्याकाळी डाउट सेशन. एवढं बोलून घसा बसलेल्या माणसाला सुताइतकी सूट द्यावी. शिवाय त्यांनी जाता जाता 'नॉट डिफाइन्ड' असं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं. आमच्या वेळच्या मास्तरांनी त्याऐवजी डस्टर फेकला असता.

दुसरी पाळी दाजींची. दाजी गोठ्यात वैरण टाकत होते. त्यांनी प्रश्न शांतपणे ऐकला आणि विचारलं, "गाडी हुबी व्हती, पण इंजान चालू व्हतं का बंद?"

"चालू होतं."

"मग हुबी कुठली? एसटीचं इंजान चालू आसलं की खिडक्या बी थरथरत्यात आन् बसणारा बी."

मी हे फोनवर ऐकलं आणि दोन मिनिटं गप्प बसलो. कारण उत्तर बरोबर होतं. वरची काच खडखडते, समोरच्या सीटचा दांडा हाताला झिणझिण्या आणतो, दप्तरातला कंपास आपोआप वाजतो, आणि आपण त्या गाडीला उभी म्हणतो. ती सेकंदाला नुसता एक मिलिमीटर थरथरली, तरी गणित ६.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात इतक्यावर येतं. अनंत कुठल्या कुठे पळालं. दाजींना डी ब्रॉग्ली माहीत नाही. पण आपण शून्य म्हणतो ते खरंच शून्य आहे का, हे आधी तपासावं, एवढं मोटारीचं मीटर आणि उसाचा वजनकाटा यांनी त्यांना आयुष्यभर शिकवलेलं आहे.

भाची मात्र सरकारी वकिलाच्या वळणावर गेलेली. म्हणाली, "आणि इंजिन बंद केलं तर? गाडी बारामतीच्या स्टँडवर रात्रभर मुक्कामाला आहे, ड्रायव्हर झोपलाय, तेव्हा?"

हे उत्तर द्यायला घरात मी एकटाच होतो. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेल्या माणसाला नातेवाइकांत दोनच कामं असतात: मिक्सर दुरुस्त करणं आणि पोरांच्या शंका फेडणं. मी तिला हायझेनबर्गचं १९२७ सालचं तत्त्व सांगितलं. वस्तू नेमकी कुठे आहे आणि तिचा संवेग नेमका किती आहे, या दोन्ही गोष्टी एकदम हव्या तितक्या अचूक असू शकत नाहीत. एक आवळली की दुसरी सैल पडते. गाडी फलाटावर एका मीटरच्या आत उभी आहे एवढं तुला ठाऊक आहे ना? मग तिचा वेग अगदी शून्य आहे असं म्हणायचा तुझा हक्क तिथेच संपला. किमान सैलपणा राहणारच. किती? सेकंदाला साधारण ५ गुणिले १० चा उणे ३९ वा घात, इतके मीटर. विश्वाचा जन्म होऊन १३८० कोटी वर्षं झाली. तेव्हापासून एसटी या वेगानं निघाली असती, तर आजवर तिनं एका प्रोटॉनच्या रुंदीइतकंही अंतर कापलं नसतं. उसाच्या ट्रॉलीमागची गाडी हिच्यापेक्षा बरीच बरी.

"आणि वेग अगदी शून्यच हवा असेल तर?"

"तर मग गाडी कुठे आहे हे विचारायचं नाही. फलाटावर असेल, इंदापुरात असेल, चंद्रावरही असेल."

"म्हणजे अनंत तरंगलांबीचा अर्थ तो होय? गाडी नेमकी कुठे आहे हे सांगताच येत नाही असा?"

होय, तोच. हे वाक्य पुस्तकात कुठेच नाही आणि तिनं ते माझ्याआधी म्हटलं, याचा मला किंचित रागही आला.

यूट्यूबवरही प्रश्न जाऊन आला. तिथे मांजर भेटलं. क्वांटमवरचा कुठलाही व्हिडिओ चौथ्या मिनिटाला मांजराशी येऊन थांबतो, अर्धं मेलेलं, अर्धं जिवंत. श्रोडिंजरनं १९३५ साली हे मांजर काढलं ते मुळात टिंगल म्हणून. तुमचा अर्थ ताणला तर असलं काहीतरी मानावं लागेल बघा, असं तो म्हणत होता. लोकांनी टिंगल सोडली आणि मांजर पाळलं. दाजींनी व्हिडिओ बघून एवढंच विचारलं, की पेटीत कोंडायच्या आधी त्याला दूध घातलं होतं का.

याच सुमारास गावच्या समाजमंदिरात एक आरोग्य शिबिर आलं. बॅनरवर मोठ्या अक्षरात 'क्वांटम'! भाची धावत गेली. रक्ताचा थेंब नको, एक्सरे नको. हातात धातूची एक दांडी धरायची, मिनिटभर थांबायचं, लॅपटॉपवर रंगीत पट्ट्या हलतात आणि प्रिंटरमधून यकृत, मूत्रपिंड, हाडं, केस, अगदी मनःस्वास्थ्य, सगळ्याचा अहवाल पानांमागून पानं बाहेर येतो. शेवटच्या पानावर कुठले डबे घ्यायचे त्याची यादी. तिनं विचारलं, "यात नक्की क्वांटम काय आहे?" माणूस अभिमानानं म्हणाला, "मॅडम, संपूर्ण मशीनच क्वांटम आहे." दांडी धरून शरीराची खबर सांगणारं असं काही भौतिकशास्त्रात नाही, हे मी लिहूनच टाकतो. वाईट याचं वाटतं, की खरं क्वांटम त्याच गावात बिनबोर्डाचं पडलेलं असतं. दाजींच्या विहिरीवर सोलर पंप आहे. त्याच्या सिलिकॉनच्या पट्टीवर प्रकाशाची जी पुडी साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेची येते, ती नुसती वाया जाते. अशा कोटी पुड्या आल्या तरी मोटारीला फरक पडत नाही. जी पुडी जास्त ऊर्जेची येते ती इलेक्ट्रॉन मोकळा करते. एकेकट्या पुडीची ऐपत बघितली जाते, गर्दी बघत नाहीत. आइन्स्टाइनचं १९०५ सालचं दोन मार्कांचं उत्तर तिथे रोज सकाळी पाणी उपसतं. पण त्याच्यावर 'क्वांटम' लिहिलेलं नाही, आणि शेवटी डब्यांची यादी पण नाही.

दाजींना एकदा गोडी लागल्यावर ते मधूनमधून स्वतःच विषय काढू लागले. त्यांना सर्वांत आवडली ती थॉमसन बाप-लेकांची हकिकत. बाप जे. जे. थॉमसन. त्यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवलं आणि १९०६ मध्ये नोबेल घेतलं. मुलगा जी. पी. थॉमसन. त्यानं इलेक्ट्रॉन लाटेसारखा पसरतो हे दाखवलं आणि १९३७ मध्ये, अमेरिकेतल्या डेव्हिसनबरोबर, तोही नोबेल घेऊन आला. दाजी पोट धरून हसले. "म्हंजी बाप म्हनला कण, तर पोरगं म्हननार लाट. आन् दोघंबी बरोबर?" मी म्हटलं, दोघंही. "मग वाटण्या कशा झाल्या आसतील रं तेंच्या," म्हणून ते विचारात पडले.

आता ऋण चिन्हाबद्दल सांगायला हवं, कारण ते फक्त इंदापूर तालुक्यातच नीट कळू शकतं, असं माझं ठाम मत झालेलं आहे. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. क्लासमध्ये एका मुलानं विचारलं, सर, ऊर्जा मायनस कशी? सर म्हणाले, "बाउंड आहे म्हणून मायनस. पाठ करा." पुण्याची पोरं पाठ करतात. आमच्याकडे उजनी आहे.

उजनीत पाणी मावतं ११७ टीएमसी. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या वरून. म्हणजे शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं, असं मुळीच नव्हे. शून्याच्या खाली निम्म्याहून जास्त पाणी असतं. उन्हाळ्यात धरण शून्याखाली गेलं की बॅकवॉटरच्या गावांत एकमेकांना रामराम घालायच्या आधी विचारतात, "उजनी किती?" "मायनस बावीस." २०२४ च्या जूनमध्ये ती उणे साठच्या घरात पोचली होती. पाणी असं उतरलं की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि पुण्याहून लोक फोटो काढायला येतात, तेव्हा इथल्या माणसाच्या पोटात गोळा आलेला असतो. मायनस म्हणजे काय, तर पाणी आहे, पण आपल्या आपण बाहेर पडत नाही. काढायचं तर मोटार पाण्याबरोबर आत आत सरकवायची, पाइप जोडत जायचं, वीज खर्चायची. जितकं मायनस जास्त तितका उपसा जड. इलेक्ट्रॉनचं तंतोतंत हेच आहे. शून्य म्हणजे तो अणूतून सुटला. उणे १३.६ म्हणजे तेवढी ऊर्जा खर्च केल्याशिवाय तो सुटायचा नाही. भाचीनं हे वर्गात सांगितलं, तेव्हा भिगवणकडची दोन पोरं मागच्या बाकावरून ओरडली, "कळलं!" सर स्वतः साताऱ्याकडचे, त्यांना नाही कळलं.

फक्त एका ठिकाणी हे जुळत नाही आणि तीच खरी क्वांटमची जागा. उजनी उणे साठ, उणे एकोणसाठ पूर्णांक नव्व्याण्णव, कुठेही थांबते. इलेक्ट्रॉनला तशी मोकळीक नाही. उणे १३.६, मग एकदम उणे ३.४, मग उणे १.५१. मधल्या कुठल्याच आकड्यावर त्याला उभं राहता येत नाही. का, हे विचारलं की बोर १९१३ साली म्हणाला होता, तसं धरून चाला. पुढे १९२६ मध्ये श्रोडिंजरनं समीकरण मांडलं आणि त्यातून हे आकडे धरून न चालता आपोआप बाहेर पडले. अकरावीच्या धड्यात ते समीकरण दुरून दाखवतात. सोडवायचं बारावीलाही नसतं.

फेब्रुवारीत कॉलेजची सहल खोडदला गेली. नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीत २८ तारखेच्या विज्ञान दिनाला जत्राच भरते. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच तारखेला आपला शोध जाहीर केला, तो हा दिवस. जिल्हाभरातल्या शाळा, शिक्षक, डबे, हरवलेली पोरं आणि माइकवर त्यांची नावं. मधे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ताटल्या. एकूण तीस, त्यातल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना शेताशिवारांत पांगलेल्या. पोलादी तारांच्या जाळीच्या, वारा आरपार जावा म्हणून. गोविंद स्वरूप यांची ही करामत. या ताटल्या ज्या लहरी टिपतात, त्यांत हायड्रोजनची एकवीस सेंटिमीटरची लहर आहे. ती क्वांटमचीच देणगी: अणूतल्या इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की ती लहर सुटते. आणि एखाद्या अणूनं हे आपणहून करायचं तर त्याला सरासरी एक कोटी वर्षं लागतात. सोबतच्या मॅडमनी हे सांगितल्यावर ओळीतला एक मुलगा म्हणाला, "मग आपण जेवून येऊ." पण विश्वात हायड्रोजनच इतका, की कुठला ना कुठला अणू प्रत्येक क्षणी उलटतच असतो.

तिथे एका टेबलामागे एक तरुण संशोधक उभा होता. परराज्यातला, मोडकं मराठी. भाचीनं त्याला एसटीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला नाही की पेपरला येत नाही. त्यानं खुर्ची ओढली, माहितीपत्रक उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. मागे ओळ वाढत गेली, मॅडम "चला, जेवायचंय" म्हणून दोनदा येऊन गेल्या, याचं पेन चालूच. एसटीची लाट एकसंध राहतच नाही, म्हणाला. हवेचे रेणू, ऊन, तिची स्वतःची गरमी, सगळे तिला सतत धक्के मारतात आणि लाटपणा पुसून टाकतात. मग केवढ्या वस्तूची लाट दिसू शकते? व्हिएन्नात १९९९ साली साठ कार्बन अणूंच्या गोळ्यांची दिसली. २०१९ मध्ये दोन हजार अणूंच्या रेणूंची. त्याच्या पुढे काय, यावर लोक आत्ता काम करताहेत. भाची म्हणाली, "म्हणजे एसटीपर्यंत यायला वेळ आहे." तो म्हणाला, "तू कर." ते माहितीपत्रक तिनं केमिस्ट्रीच्या पुस्तकात घालून ठेवलंय. सहलीची बस तिच्यामुळे पाऊण तास उशिरा निघाली आणि मैत्रिणी तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. विज्ञानाची किंमत मोजावी लागते ती अशी.

यथावकाश बारावी आली. चौदावा धडा आला. 'हे तुमचं केमिस्ट्रीत झालेलं आहे' हेही आलं. आणि क्लासच्या एका रविवारच्या चाचणीत, सीईटीच्या धर्तीवर, एका मार्काचा प्रश्न पडला: स्थिर कणाची डी ब्रॉग्ली तरंगलांबी किती? अ, शून्य. ब, एक. क, अनंत. ड, यांपैकी नाही.

म्हणजे पेपरला येत होतं तर. वर्गानं क वर खूण केली आणि पुढे गेला. भाचीनंही क वरच केली. मार्क सोडायला ती काही वेडी नाही, शेवटी दाजींची मुलगी. पण खूण करून झाल्यावर समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'पण सर, असा कण कुठल्या फलाटावर लागतो?'

पेपर तपासून परत आला. सरांनी मार्क पूर्ण दिला होता. समासातल्या ओळीखाली लाल पेनानं लिहिलं होतं: 'चौकशी खिडकीवर विचारावे.'